दाब आणि शाई

आमचे शेजारी सकपाळ सर कुठलाही सरकारी कागद हातात आला की आधी शिक्का बघतात. कागदावर काय लिहिलंय ते सवडीने, कधीकधी दुसऱ्या दिवशी वाचतात. त्यांचे काका वारले तेव्हा मृत्यूचा दाखला आणायला मी सोबत होतो. सरांनी दाखला उजेडात धरला, तिरका केला, नाकाजवळ नेला आणि खिडकीतून परत आत सरकवला.

"डाव्या बाजूला उमटलाच नाही. पुन्हा मारा."

"चालतो हो तो," आतला माणूस म्हणाला.

"माणूस गेला तो गेला. शिक्का तरी धड यायला नको?"

मागे रांग उभी होती. दुसरा शिक्का बसेपर्यंत ती उभीच राहिली.

माझी त्यांची ओळखही अशीच झाली. मी एका शाळेत कारकून. भाचीचा शाळा सोडल्याचा दाखला त्यांनी मला तीन वेळा परत आणून दिला. चौथ्या वेळी स्वतःचं स्टॅम्प पॅड घेऊनच आले. माझ्या टेबलावर वर्तमानपत्राची जाड घडी ठेवली, माझा हात मनगटाशी धरला आणि माझ्याकडून शिक्का मारून घेतला. तो उत्तम आला. त्याचा मला अजून राग आहे. पुढे नाचणे रोडला ब्लॉक घेतला, सामान लावून झालं, आणि मग कळलं की खालच्या मजल्यावर तेच राहतात.

सर संगमेश्वराकडच्या एका शाळेतून चित्रकला शिक्षक म्हणून निवृत्त झाले. आता फणसाच्या फळीवर चित्रं कोरतात आणि ती कागदावर छापतात. जगात जे काही बिघडतं त्याची त्यांच्या मते दोनच कारणं असतात. एक, दाब कमी पडला. दोन, शाई जास्त झाली. आमच्या हिने केलेलं बांगड्याचं तिखलं चाखून ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, दाब कमी पडला." वहिनींनी त्यानंतर वाटी पाठवली नाही. समोरच्या इमारतीतलं जोडपं वर्षभरात वेगळं झालं, तेव्हा सरांना नवल वाटलं नाही. "शाई जास्त झाली होती. पत्रिकेवरच दिसत होतं."

छपाईचं यंत्र त्यांच्याकडे नाही. शाई लावलेल्या फळीवर कागद ठेवतात आणि पाठीमागून भात वाढायच्या डावाने तासभर घासतात. घरात डाव दोन आहेत. जेवणाचा कुठला आणि छपाईचा कुठला हे फक्त त्यांना ओळखता येतं, त्यामुळे आम्ही त्यांच्याकडे जेवायचं टाळतो.

विहाराच्या मंडळाने एकदा हौसेने जयंतीच्या मिरवणुकीचं पत्रक त्यांच्याकडून करून घेतलं. अकरा प्रती त्यांनी नापास केल्या, बारावी पास केली. पत्रकं फार देखणी झाली. मिरवणूकही चांगली झाली होती, असं पत्रकं वाटायला आलेल्या पोरांनी आम्हाला सांगितलं.

आमच्या शाळेत मी त्यांना दोनदा प्रात्यक्षिकाला बोलावलं. आपण कलेकडे कसे वळलो, हे त्यांनी मुलांना दोन्ही वेळा त्याच शब्दांत आणि हसू न येऊ देता सांगितलं. "पाचवीत होतो. प्रगतिपुस्तकावर पालकांची सही हवी. वडील मुंबईला, आणि आई अंगठेबहाद्दर. तुटक्या स्लिपरचा रबर घेतला, ब्लेडने त्यावर झोकदार सही कोरली, शाई लावली, उमटवली. सही आली उलटी. मास्तरांनी आरसा मागवला आणि वाचली. ते माझं पहिलं प्रदर्शन. प्रेक्षक एकच होते, पण त्यांनी काम गंभीरपणे घेतलं. छड्या सहा."

मुलं पोट धरून हसली. मीही हसलो.

सरांनी लग्न केलं नाही. घरात ते आणि त्यांची आई, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या आजी. वय विचारलं तर "लय झाला" एवढंच सांगतात. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी चिरेखाणीवर काढली. जांभ्याचे चिरे उचलून ट्रकपर्यंत न्यायचे, हे काम. त्यांचा हात हातात घेतला तर तळवा खरखरीत लागतो आणि बोटांची टोकं मात्र अगदी गुळगुळीत.

गेल्या वर्षी निरोप आला की रेशनकार्डावरच्या प्रत्येकाने दुकानात येऊन यंत्रावर अंगठा द्यायचा, नाहीतर नाव कमी होईल. रिक्षा करून आम्ही दोघे आजींना घेऊन गेलो. यंत्राने उजवा अंगठा घेतला नाही. डावा घेतला नाही. आजी अंगठा पदराला पुसायच्या आणि पुन्हा पुढे करायच्या.

"आजी, जरा जोरात दाबा," दुकानदार म्हणाला.

आता सर काहीतरी बोलणार म्हणून मी तयारीत राहिलो. ते बोलले नाहीत. दुकानदार भला माणूस. त्याने आजींचा अंगठा उलटा करून पाहिला आणि हळूच सरांना म्हणाला, "रेषाच राहिल्या नाहीत हो. घासून गेल्यात."

आठवड्याने डोळा टिपणारं यंत्र आलं. त्याने आजींचा डोळा घेतला, नाव राहिलं. मला वाटलं, विषय मिटला.

आजींचा मिटला नव्हता. "डोळा काय, कुनाचा पन आसतो," त्या दारात बसून मला म्हणाल्या. "अंगठा माजा हाय. खाणीवर घेतला, हापिसात घेतला. आजवर कुनी परत केला न्हाय." जाणाऱ्या-येणाऱ्याला त्या अंगठा दाखवू लागल्या आणि रेषा दिसतात का विचारू लागल्या. आम्ही सगळे दिसतात म्हणायचो. त्यांना ते पटत नसे.

आणि सरही बदलले. त्या दिवसांत माझ्या हातचा एक अगदी पुसट शिक्का त्यांनी पाहिला आणि कागद घडी करून खिशात टाकला. मला चैन पडेना. असा माणूस आजारी असतो तेव्हाच असं वागतो.

रविवारी सकाळी त्यांनी खालून हाक मारली. "शेट्ये, जरा या. कागद धरायला माणूस हवा."

खाली गेलो तर आजी स्टुलावर बसलेल्या, हात उशीवर. सरांनी ठेवणीतला मऊ कागद दमट करून ठेवला होता. काचेवर शाई इतकी पातळ लाटली होती की काच दिसत होती. पहिला ठसा काळा गोळा आला. दुसरा तसाच. सर दर वेळी अंगठा तेलाने पुसत, मग कोरडा करत. सहाव्या वेळी आजी खुशीत येऊन म्हणाल्या, "त्या यंत्रापरीस तूच बरा. न्हायतर माजा अंगठा कुनी म्हनून परत केला न्हाय."

सरांच्या हातातला रोलर थांबला.

"मी केला होता, आये," ते म्हणाले. "पाचवीत. प्रगतिपुस्तकावर तू सकाळी अंगठा दिला होतास. कामावर जायच्या आधी, हात धुऊन. मी शाळेच्या वाटेवर बसून तो खोडला. रबराने जाईना, थुंकी लावून खोडला. पोरं हसतील म्हणून. आणि वर ती सही मारली."

हे ते कधीच कुणाला सांगत नव्हते. त्या गोष्टीला आम्ही किती हसलो होतो ते आठवून मला कुठे बघावं कळेना. कागदाचं टोक धरून मी उभा राहिलो.

आजी मुलाकडे बघत होत्या. रागाने नाही, हिशेबात न बसणारी गोष्ट ऐकल्यावर माणूस बघतो तसं.

"थुंकी लावून?"

"हो."

"मंग आता नीट घे," त्या म्हणाल्या आणि अंगठा पुढे केला.

सरांनी तो दोन्ही हातांत धरला. मग टेकवला, एका कडेवरून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश फिरवला आणि उचलला. मधोमध काहीच नव्हतं, सपाट करडा डाग. पण कडेला पाच-सहा रेषा आल्या होत्या. आजींनी कागद डोळ्यांशी नेला आणि त्या रेषा एकेक करून बघितल्या.

"हा माजाच," त्या म्हणाल्या.

ठसा वाळल्यावर सरांनी तो पुठ्ठ्यावर लावून भिंतीशी उभा केला. चित्राखाली ते पेन्सिलीने नाव घालतात, तशी पेन्सिल घेऊन बसलेही. मग ती त्यांनी बाजूला ठेवली.

"सर, सही राहिली," मी म्हटलं.

"आईची झाली आहे," ते म्हणाले, आणि काच पुसायला घेतली.