विमलाबाईंनी भरून दिलेली बाटली

रोशनीला सर्दी झाली होती आणि घरात अडुळशाच्या रसाची बाटली होती. पण तो रस सर्दीसाठी नव्हता. कुठल्याच अँटिबायोटिकला भीक न घालणारे जंतू अडुळशापुढे तरी नमतात का, हे तिला बघायचं होतं. एम.एस्सी.चा प्रकल्प होता आणि सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार होते. तुळस, कडुनिंब, पेरूचा पाला यांच्या रसांवर तर जंतू उलट गुटगुटीत झाले होते. आता सगळी भिस्त अडुळशावर होती. बाटलीवर 'जंतूंसाठी' अशी चिठ्ठी चिकटवून तिने ती फ्रीजमध्ये ठेवली होती.

त्यातला एक थेंब टाकून जंतू वाढवलेली काचेची ताटली तिने दुसऱ्या दिवशी कॉलेजात उघडली आणि ती बघतच राहिली. रसाच्या थेंबाभोवती रुपयाएवढा स्वच्छ गोल होता. जंतूंचा मागमूस नाही. तिचे मार्गदर्शक अहिरराव सर खोकत खोकत आले आणि खोकायचंच विसरले.

"अगं, हे औषधांनाही जमत नाही," ते म्हणाले. त्यांनी प्राचार्यांना बोलावलं. प्राचार्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी ताटलीसोबत फोटो काढून घेतला. "आता ताजा रस काढून परत करून बघ. मगच खरं," सर म्हणाले.

रोशनीने नदीकाठच्या बाजारातून अडुळसा आणला, रस काढला, ताटलीत टाकला. दुसऱ्या दिवशी जंतू मजेत होते. ती घरी येऊन फ्रीजपुढे उभी राहिली.

"आई, माझ्या बाटलीला कुणी हात लावला होता?"

"खालच्या विमलाबाईंना खोकला होता, त्यांना दिली होती. पण त्यांनी लगेच भरून परत केली की."

"भरून? कशाने?"

हे मात्र आईने, म्हणजे छायाताईंनी, विचारलं नव्हतं. दोघी तशाच खाली गेल्या.

"रस मी प्याले सगळा. लय गुण आला," विमलाबाई म्हणाल्या. "मंग रिकामी बाटली परत कशी देऊ, बरं दिसतं का? वर जंतूंसाठी लिव्हलेलं. म्हनलं, पोरीला जंतूच मारायचे. दारावर येतो त्या सायकलवाल्याकडचं फरशी पुसायचं फिनेल घातलं. हिरवंच हाय ते बी."

"काकू, पण त्याचा वास..."

"वास तर घरभर सुटला व्हता. तुला नाय आला?"

रोशनीने चोंदलेलं नाक ओढलं.

बाटलीत अजून अर्धं शिल्लक होतं. कुणाला काही न सांगता सोमवार सहज निभला असता. हा विचार तिच्या मनात आला, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने सरांना फोन लावून सगळं सांगितलं.

"मग पहिला रस आहे कुठे?"

"विमलाबाईंच्या पोटात, सर."

सरांना खोकल्याची उबळ आली. मग म्हणाले, "आणि त्यांचा खोकला?"

"गेला म्हणतात."

सोमवारी तिने परीक्षकांनाही हेच सांगितलं. त्यांनी चहा गार होईपर्यंत प्रश्न विचारले, त्यातले बरेचसे सायकलवाल्याबद्दल. रोशनी पास झाली. निघताना सरांनी हळूच अडुळशाची एक बाटली मागून घेतली.

पुढच्या आठवड्यात त्यांनी बाटली परत केली, तीही गळ्यापर्यंत भरून. आत हिरवट काहीतरी होतं.

"रिकामी कशी द्यायची?" सर म्हणाले. त्यांचा खोकला थांबला होता.

रोशनीची सर्दीही गेली होती. तिने आधी वास घेतला. पुदिना घातलेलं ताक होतं, आणि वासावरून झकास जमलेलं. तरी पिण्याआधी तिने एक थेंब जंतूंच्या ताटलीत टाकून ठेवलाच.