बघूसाहेबांचे आत्मचिंतन

पाणीपुरवठा कचेरीच्या प्रमुखांना आपण कोणत्या शैलीचे नेते आहोत हे ठाऊक नाही, ही गंभीर बाब वरिष्ठ कार्यालयाच्या निदर्शनास आली. शहराला पाणी मिळत होते, नाही असे नाही. पण ते नेतृत्वामुळे मिळते की नुसतेच नळाला येते, याचा खुलासा कुठल्याही कागदावर नव्हता.

तेव्हा परिपत्रक निघाले. प्रत्येक कार्यालयप्रमुखाने रोज दार लावून आत्मचिंतन करावे, आपली नेतृत्वशैली शोधावी आणि आपल्यातील सुप्त क्षमतांचा अंदाज घ्यावा. ज्यांना शैली सापडणार नाही त्यांची बदली जुन्या मीटरांच्या गोदामात होईल. ते गोदाम गावाबाहेर होते. तिथे खिडकी नव्हती, पंखा नव्हता आणि मुख्य म्हणजे हाताखाली कोणी नव्हते. पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी परिपत्रक दोनदा वाचले.

या साहेबांना कचेरीत पाठीमागे बघूसाहेब म्हणत. पाइप फुटल्याचे सांगा, पंप जळाल्याचे सांगा, ते प्रसन्नपणे "बघू" म्हणत आणि नंतर खरोखरच बघत राहत. माणूस मनाने वाईट नव्हता. त्यांनी आजवर चुकीचा निर्णय एकही घेतला नव्हता, कारण निर्णयच घेतला नव्हता. आता या वयात शैली कुठून आणायची?

त्यांनी आधी घरी चाचपून पाहिले. बायको पलंगावर चादर घालत होती.

"अगं, माझी नेतृत्वशैली कोणती म्हणशील?"

"ते टोक धरा जरा."

त्यांनी टोक धरले.

"हीच," बायको म्हणाली.

"म्हणजे सहभागाची?"

"म्हणजे सांगितलं की धरता. सोडा आता."

यातून फारसे हाती लागले नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीच्या दारावर लाल दिवा बसला. आत एक आरसा आला, कार्यालयीन मालकीचा, परत करण्याच्या अटीवर. साहेब आरशासमोर बसले. आरशातला गृहस्थही त्यांच्याकडे बघत राहिला. दोघांचीही एकमेकांकडून अपेक्षा होती, आणि थोड्या वेळाने दोघांनाही डुलकी लागली.

बाहेर मात्र पंचाईत झाली. विचारायला साहेब नाहीत आणि कामे तर उभी. कचेरीतल्या सर्वांत जुन्या कारकून, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी फोन घेतला आणि फिटरला सांगितले, "साहेब चिंतनात आहेत, पण पाइप काही थांबणार नाही. जा, जोडून ये." फिटर गेला, जोडून आला. पंपही बदलला गेला. तक्रारींचा ढीग कमी होऊ लागला.

अशातच वरिष्ठ कार्यालयाने नेमलेले नेतृत्व-सल्लागार पाहणीला आले. कडक इस्त्रीचा कोट, मधाळ आवाज. त्यांनी सगळे टिपून घेतले आणि साहेबांसमोर बसून ते म्हणाले, "साहेब, तुम्ही आत असलात की कामं होतात. बाहेर आलात की थांबतात."

साहेबांच्या डोळ्यांपुढे गोदाम उभे राहिले.

"अहो, हे किती दुर्मिळ आहे! याला अदृश्य नेतृत्व म्हणतात. अभिनंदन!"

साहेब सुखावले. चिंतनाची वेळ वाढवून दिवसभराची करण्यात आली. आता ते सकाळी खोलीत शिरत ते थेट कचेरी सुटताना बाहेर येत.

इथवर सगळे सुरळीत होते. पण सल्लागारांची नजर मोठ्या बाईंवर गेली. बाई एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने शिक्के मारत होत्या आणि नजरेने फिटरला धाकात ठेवत होत्या.

"बाई, तुमच्यात प्रचंड क्षमता आहेत."

"असतील. आधी हा फोन होऊ द्या."

"बघा! पुन्हा क्षमता!"

काम करताना जो आढळेल त्याच्यात सुप्त नेता आहे असे समजण्यात यावे, असा नियम त्याच आठवड्यात झाला. बाईंना स्वतंत्र खोली, आरसा आणि लाल दिवा मिळाला. पहिल्या दिवशी त्या चिडल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "बरं वाटतं हो, कोणी हाका मारत नाही." तिसऱ्या दिवसापासून त्यांनी दाराला आतून कडी लावली.

बाईंची कामे फिटरवर आली. त्याने ती चोख केली, म्हणून तोही खोलीत गेला. त्याच्या जागी जो आला तो मुद्दाम पाना वाजवत सल्लागारांच्या समोरून फिरला आणि संध्याकाळपर्यंत नेता झाला. बघता बघता कचेरीत लाल दिव्यांची रांग लागली. शेवटी उरला तो चावीवाला, म्हणजे रोज सकाळी टाकीची चावी फिरवून शहराला पाणी सोडणारा.

"हा निर्णय तुम्ही कसा घेता?" सल्लागारांनी त्याला विचारले.

"निर्णय कसला? उजाडलं की सोडतो."

"स्वयंप्रेरणा!" सल्लागारांचा आवाज भरून आला.

चावी खिळ्याला लागली आणि चावीवाला खोलीत गेला. दुसऱ्या दिवशी शहरात पाणी आले नाही.

लोक रिकाम्या बादल्या घेऊन कचेरीवर आले. खूप आरडाओरडा झाला. सल्लागार खिडकीत उभे राहिले. "मित्रहो, गर्दीतून तक्रार घेऊन पुढे येतो तो कोण? नेता! तुम्ही आज फक्त पाणी मागताय, पण तुमच्यात केवढी क्षमता आहे, याचा विचार केलाय कधी?" लोकांनी खरोखरच केला नव्हता. प्रत्येकाला बिल्ला देण्यात आला. त्यावर 'नागरिक नेता' असे लिहिले होते. ओरडणारे ओशाळले. अंगणातच बादल्या उलट्या करून लोक त्यांवर बसले आणि डोळे मिटून आपली शैली शोधू लागले. याचे प्रमाणपत्रही मिळेल का, एवढेच एकाने विचारले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब कचेरीला निघाले, तेव्हा बायकोने त्यांना दारातच गाठले. "अहो, पाणी नाही कालपासून."

"बघू."

"बघून झालं असेल तर सोडून या. तुम्ही पाण्याचे साहेब ना?"

हा प्रश्न साहेबांना कोणी कधी विचारला नव्हता. ते खजील झाले आणि तडक कचेरीत गेले. चावी खिळ्यावरून काढून त्यांनी चावीवाल्याचे दार ठोठावले.

"अरे, ही कुठल्या बाजूला फिरवायची?"

"साहेब, मी चिंतनात आहे."

"तेवढं सांग."

त्याने आत हवेत हात फिरवून पाहिला. मग चावीवाला रडवेल्या सुरात म्हणाला, "रोज हात आपोआप फिरायचा हो. आता विचार करायला लागलोय तर काही आठवेना."

साहेब एकटेच टाकीपाशी गेले. चावी एका बाजूला रेटली, ती हलेना. दुसऱ्या बाजूला रेटली. आधी करकर झाली, मग घरघर, आणि सांध्यातून फवारा उडून साहेब डोक्यापासून पायापर्यंत भिजले. खाली पाइपातून पाणी धावत निघाल्याचा आवाज आला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काहीतरी केले होते आणि ते झाले होते. त्यांना इतका आनंद झाला, की ते एकटेच मोठ्याने हसले.

अदृश्य नेता भरदिवसा भिजलेल्या अवस्थेत दिसल्याने सगळ्या पाहणीवर पाणी पडले, असा शेरा सल्लागारांनी मारला. वरिष्ठ कार्यालयाने तरीही एक वेळ दुर्लक्ष केले असते. पण नागरिकांचीच तक्रार आली. पूर्वसूचना न देता पाणी सोडल्यामुळे उघडे राहिलेले नळ वाहिले, फरश्या ओल्या झाल्या, आणि चिंतन अर्धवट टाकून सर्वांना बादल्या सुलट्या करत घरी पळावे लागले. असा उतावळा अधिकारी खुर्चीवर नको, अशी एकमुखी मागणी होती. साहेबांची गोदामात बदली झाली. चावी पुन्हा खिळ्याला लागली.

साहेब तिथे मजेत आहेत. मीटर स्वतः पुसतात, स्वतः लावतात, आणि बदलीबद्दल कोणावर त्यांचा रागही नाही. तुमच्यावर तर मुळीच नाही. तक्रारीवर तुमची सही ठळक आहे, वळणही छान आहे. शिवाय सही करण्याआधी तुम्ही घरातली सगळी भांडी भरून घेतली होती, याची त्यांना कल्पना आहे.