अकरा दगडांची बाग

"झाडं लावायला इलायतेला कशाला जायाला लागतं?" हा अंबूआत्याचा प्रश्न यशवंत दोन वर्षं टाळत आला होता. नुसतं आर्किटेक्ट होऊन त्याचं भागलं नाही. जमीन, झाडं, दगड यांची रचना कशी करावी, त्याची मोठी पदवी घ्यायला गडी थेट विलायतेला गेला. आता शेवटचं काम उरलं होतं. खरीखुरी बाग करायची आणि महिन्याभरात तिचे फोटो प्रोफेसरांना पाठवायचे. नाहीतर दोन वर्षं पाण्यात.

साल छप्पन्न. पिंपरीत नवा कारखाना उभा राहत होता. गावचाच मुलगा म्हणून मॅनेजरांनी फाटकासमोरचं माळरान त्याच्या हवाली केलं. यशवंतने नकाशा काढला. मधोमध भला थोरला काळा खडक आणि त्याच्याकडे जाणारी सरळसोट वाट. प्रबंधाची चाळीस पानं या एका खडकाच्या कौतुकात खर्ची पडली होती. आड येणारे अकरा दगड तेवढे हलवायचे होते. गडबड नको म्हणून त्याने लोखंडाला द्यायचा शेंदरी रंग आणला, त्या अकरांवर ठसठशीत खुणा केल्या, मुकादम चिमाजीला "उद्या दगड काढून टाका" असं सांगितलं आणि रोपं आणायला पुण्याला गेला.

दोन दिवसांनी येऊन बघतो तर काय! अकरा दगडांवर हळदकुंकू, फुलं, नारळाची शकलं. आणि काळा खडक गायब.

"चिमाजी, हे काय?"

"काय म्हंजी? दगूड काढा म्हनला, काढला. सुरुंग लावावा लागला बगा. लई चिवट व्हता."

"अहो, तो ठेवायचा होता! खुणेचे काढायचे होते!"

चिमाजीने दोन्ही कानांना हात लावले. "द्येव काढायचं? काय बोलताय, यशवंतराव!"

"कसले देव? रंग मी लावलाय! ह्या हातांनी!"

"कुनी का लावंना. लागला न्हवं आता?"

यशवंत रॉकेलचा बोळा घेऊन धावला. फाटकाजवळच्या दगडापाशी खुद्द अंबूआत्याच हात जोडून उभी होती.

"खबरदार! द्येवाला राकेल लावतूस? ह्येच शिकवलं व्हय इलायतेनं?"

गडी दगडांना हात लावेनात, दिवस तर भराभर सरत होते. शेवटी यशवंतने हात टेकले. बायकांच्या प्रदक्षिणांनी जिथे पायवाट पडली, तिथेच त्याने फरशा बसवल्या. वाहायला फुलं हवीत म्हणून दगडादगडाशी तगर आणि जास्वंद लावली. चाळीस पानं फाडली आणि रडकुंडीला येऊन फोटो पाठवून दिले.

दीड महिन्याने पत्र आलं. पहिला वर्ग! प्रोफेसरांनी लिहिलं होतं, "लोक कुठून चालतील हे इतकं अचूक ओळखणारी बाग मी पाहिलेली नाही. मधोमध मोठा खडक ठेवण्याचा मोह नवशिक्यांना आवरत नाही, तुम्ही तो आवरलात. आता तिथे एक काडीही वाढवू नका. पुढच्या महिन्यात मी स्वतः पाहायला येतो आहे."

यशवंतने आनंदाने आत्याचे पाय धरले. आत्याच्या डोळ्यांना पाणी आलं.

"पावला गं बाई! फाटकापाशल्या द्येवाला नवस बोलले व्हते मी. तू पास झालास की त्याच्यावर पत्र्याचं छप्पर घालायचं. हिरवंगार. आन् तूच उभं ऱ्हाऊन घालायचं."

"आत्या, आणि नाही घातलं तर?"

"मग काय? दिलेला वर्ग काढून घील की त्यो!"

यशवंतने प्रोफेसरांचं पत्र पुन्हा एकदा वाचलं, नीट घडी करून खिशात ठेवलं. दोन वर्षं कशी काढली होती ते त्याचं त्यालाच ठाऊक.

"चिमाजी," त्याने हाक मारली, "पत्रे किती लागतील हो?"