फोटोत माणूस नको

मेश्रामकाका आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा त्यांनी दारात बूट काढले, कोट काढला आणि कोटाच्या खिशातून मोजपट्टी काढली. "दाखवा घर," म्हणाले. नवीन घर बघायला आलेला माणूस खोल्यांतून फिरतो, "छान आहे हो" म्हणतो आणि पानावर बसतो, अशी आमची आपली भाबडी समजूत. काका वरच्या मजल्यावर गेले ते वीस मिनिटं खालीच येईनात. आले ते निकाल घेऊन.

"तुम्हाला चार बेडरूमचं म्हणून विकलं ना? तीनच आहेत. चौथ्या खोलीला कपाट नाही. आणि खिडकी बघितली का तिची? आग लागली तर माणूस बाहेर पडला पाहिजे. त्या खिडकीतून तुमचं मांजरही बाहेर पडायचं नाही. त्या खोलीला बेडरूम नाही, डेन म्हणतात."

माझा नवरा सुहास पुण्यात फोन करकरून सगळ्यांना चार बेडरूम सांगून बसला होता. त्याला त्या दिवशी पुरणपोळी गेली नाही.

"एमएलएसवर पण चारच लिहिलंय," पोळीवर तूप वाढून घेत काका म्हणाले. "नोंद चुकली आहे. उद्या तक्रार करतो."

आणि खरंच केली! आमच्या घराच्या नोंदीत आता तीन बेडरूम आहेत. पाहुण्यांना जेवायला बोलावून एक खोली गमावणारं नोव्हायमधलं आमचं पहिलंच कुटुंब असावं.

मिशिगनमधल्या या आमच्या गावात मराठी माणूस म्हटला की तो बहुधा मोटारींच्या कामातला. मेश्रामकाकाही त्यातलेच. गाडीचं दार लावल्यावर 'धप्' असा भारदस्त आवाज यावा, खुळखुळाट होऊ नये, एवढ्या एका गोष्टीसाठी त्यांनी तीस वर्षं घातली. शनिवार-रविवारी ते घरं विकायचे, आणि निवृत्त झाल्यावर पूर्णवेळ तेच. माझी नोकरी गेली आणि मी घरं विकण्याचं लायसन्स काढायचं ठरवलं, तेव्हा मला शिकवायला तेच पुढे आले. माझे गुरूच ते. छडी तेवढी नव्हती, मोजपट्टी होती.

एमएलएस म्हणजे मल्टिपल लिस्टिंग सर्व्हिस. सोप्या भाषेत सांगायचं तर भागातल्या सगळ्या एजंटांची सामाईक वही. ज्याच्याकडे घर विकायला येईल त्यानं ते त्या वहीत नोंदवायचं, फोटो लावायचे, आणि बाकीच्यांनी ते आपापल्या गिऱ्हाइकांना दाखवायचं. आम्हा एजंटांना ती पोटापाण्याची सोय. काका मात्र ती वही शाळामास्तरांनी निबंध तपासावेत तशी तपासायचे. रोज सकाळी चहाबरोबर नवीन नोंदी वाचायच्या, चुका काढायच्या आणि तक्रारी पाठवायच्या. "नोंद चुकली की माणूस फसतो," हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन.

एकदा एका एजंटानं घराच्या वर्णनात लिहिलं, 'तळ्यापासून काही पावलांवर'. इकडे असं लिहायची पद्धतच आहे, कोणी मनावर घेत नाही. काका जानेवारीच्या बर्फात कानटोपी घालून त्या घराच्या पायरीपासून तळ्यापर्यंत पावलं मोजत चालत गेले. चार हजार एकशे बारा भरली. तक्रारीत त्यांनी लिहिलं की 'काही' हा शब्द काढून तिथे हा आकडा घालावा, बाकी वाक्याबद्दल आपलं काही म्हणणं नाही. त्या एजंटानं पुढे काकांशी बोलणं टाकलं. असे बोलणं टाकलेले एजंट गोळा केले तर एक बऱ्यापैकी सहल निघेल.

गेली काही वर्षं मोठ्या ऑफिसांनी नवीन टूम काढली आहे. घर विकायला आलं की ते वहीत टाकायचंच नाही, आधी आपल्याच निवडक गिऱ्हाइकांना गुपचूप दाखवायचं. नाव मोठं झोकदार, 'प्रायव्हेट एक्स्क्लुझिव्ह'. आमच्या मॅनेजरबाईंनी, लिंडानं, सोमवारच्या मीटिंगमध्ये ही योजना सांगितली आणि काका उभे राहिले.

"घर विकायचं आहे की लपवायचं आहे?"

काही मालकांना प्रायव्हसी हवी असते, असं लिंडा म्हणाली.

"प्रायव्हसी हवी असेल तर त्यांनी विकू नये. पडदे लावून आत बसावं."

मीटिंग तिथेच आटोपली. बाहेर पार्किंगमध्ये मी त्यांना म्हटलं, "काका, एवढं काय चिडायचं त्यात? धंदा आहे तो."

ते गाडीला टेकून उभे राहिले. "मृणाल, तू पुण्याची ना? मी नागपूरहून पुण्याला शिकायला आलो. खोली शोधत होतो. जाईन तिथे खोली रिकामी असायची. आडनाव सांगितलं की भरायची."

माझ्या आजोळी वरच्या मजल्यावरची खोली भाड्यानं जायची, आणि ती देण्याआधी काय काय विचारलं जायचं हे मी लहानपणी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

"इकडे आलो तेव्हा एकानं मला एमएलएसचं जाडजूड पुस्तक दाखवलं. तेव्हा छापील यायचं. सगळ्या गावातली घरं, पत्त्यासकट, किमतीसकट. कादंबरी वाचावी तसं वाचलं मी ते. इथंही रंग बघून कोणाकोणाला घरं नाकारली, ते मला कोणी सांगायला नको. म्हणून तर सगळी घरं सगळ्यांना दिसली पाहिजेत. निवडक गिऱ्हाइकं म्हणे! निवडणार कोण?"

त्यानंतर त्यांच्या मोजपट्टीला हसणं मला जरा जड जायला लागलं. तरी हसत होतेच. त्यांच्या बायकोनंच तशी सवलत दिली होती.

शालिनीकाकू हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होत्या. बोलायला मोकळ्या. "अहो, लग्नात मी हार घातला ना, तो पण यांनी मनातल्या मनात मोजला असेल," म्हणायच्या. काकांच्या घरांचे फोटो त्या काढायच्या. व्यावसायिक फोटोग्राफरवर काकांचा विश्वास नव्हता. "त्यांच्या त्या लेन्समधून संडास दिवाणखान्याएवढा दिसतो," म्हणायचे. त्यामुळे वीस वर्षं शनिवारी सकाळी हे दोघं लोकांच्या रिकाम्या घरांत. काकू कॅमेरा घेऊन, काका मोजपट्टी घेऊन, आणि गाडीत थर्मासमध्ये चहा.

तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. आजार फार दिवसांचा नव्हता. मुलगी सिॲटलला. ती महिनाभर राहिली, सगळे कागद तिनं भरले, "बाबा, कम विथ मी" म्हणून पाहिलं आणि शेवटी एकटीच परत गेली.

त्यानंतर काकांनी एकही घर विकलं नाही. लायसन्स आणि एमएलएसचं सभासदत्व मात्र चालू ठेवलं. दिवसभर कॉम्प्युटरसमोर. फोन केला की ठरलेलं उत्तर, "कम्प्स काढून राहिलो." कम्प्स म्हणजे एखाद्या घराची किंमत ठरवण्यासाठी तशीच पूर्वी विकली गेलेली घरं शोधून काढणं. आता हातात विकायला घर नसताना हे कोणाचे कम्प्स काढतात, हे मी कधी विचारलं नाही. माणूस गुंतलेला आहे ना, मग बरं आहे, असं म्हणून मी आपली सुटका करून घेत होते.

या वसंतात बातमी आली की आमची छोटी एमएलएस शेजारच्या मोठ्या एमएलएसमध्ये विलीन होणार. आता घरं लोक फोनवर बघतात, लहान वह्यांचे दिवस संपले, वगैरे. सभासदांची सभा झाली. नवीन व्यवस्थेतला एक तरुण मुलगा पडद्यावर सगळं दाखवत होता. जुन्या विकलेल्या घरांचे आकडे नव्या वहीत येतील. दोन वर्षांपेक्षा जुने फोटो येणार नाहीत, घराच्या दर्शनी बाजूचा एक तेवढा येईल. महिन्याअखेर जुनी वही बंद.

काका उठले. म्हणाले, सगळे फोटो आले पाहिजेत.

"सर, ते कोणी बघत नाही," तो मुलगा अगदी आदरानं म्हणाला.

"मी बघतो."

सगळे हसले. मीही हसले. काका टोपी उचलून निघून गेले. पुढच्या दोन आठवड्यांत त्यांचा फोन नाही, वहीतल्या चुकांची तक्रार नाही. एजंट मंडळी खूश होती. मला मात्र बरं वाटेना. एका दुपारी भरल्या वांग्यांचा डबा घेऊन मी त्यांच्याकडे गेले.

दार उघडंच होतं. काका आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर. पडद्यावर कुठल्यातरी घरातली बाथरूम. फिकट पिवळ्या टाइल्स, बेसिन, वर आरसा. आणि आरशात शालिनीकाकू. राखाडी स्वेटर, कोपर उंचावलेलं, अर्धा चेहरा कॅमेऱ्याआड.

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेले, "काका, फोटोत माणूस? नियमात बसत नाही." आमचा नियम आहे तसा. घराच्या फोटोत माणूस दिसता कामा नये.

"नोटिसा आल्या होत्या."

"मग?"

"दुरुस्त करतो म्हणून लिहिलं."

"केलं?"

"नाही."

अख्ख्या गावाच्या चुका काढणाऱ्या माणसानं वीस वर्षं हा एक नियम मोडला होता. त्यांनी मला एकामागून एक घरं दाखवली. एका ठिकाणी ओव्हनच्या काचेत काकू. एका ठिकाणी मागच्या सरकत्या दारात, पाठीमागे बर्फ. एका बाथरूममध्ये त्या हसताहेत, कारण पडदा बाजूला धरणाऱ्या काकांचा हात फोटोत आलाय.

"घरच्या फोटोंत काकू नाहीत का?" मी विचारलं.

"घरचे फोटो पण तीच काढायची ना. सगळ्यांत मी आहे, मुलगी आहे. वाढदिवस, नायगारा, सगळीकडे. ही कुठंच नाही. आणि या घरांचे फोटो एमएलएसवर चढवले की आम्ही कार्ड पुसून पुढच्या घराला वापरायचो. हे इथं आहेत तेवढेच." त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. महिना संपायला नऊ दिवस होते.

मला रडू आलं. सभेत मी हसले होते, त्याची लाज वाटली. मी म्हटलं, "सरका काका. मी आत्ता सगळे उतरवून घेते. तासाभराचं काम आहे."

"नाही जमायचं. फोटो काढणाऱ्याची लेखी परवानगी लागते. नियम आहे."

"काका!"

"फोटो तिचे आहेत, मृणाल. माझे नाहीत."

या माणसापुढे डोकं आपटून उपयोग नसतो. मी परवानगीचा फॉर्म शोधून काढला आणि छापून त्यांच्यापुढे ठेवला. त्यात वारसानं सही करायची सोय होती. काकांनी अक्षर न अक्षर वाचलं आणि ठळक अक्षरांत भरायला लागले. घरांचे पत्ते त्यांनी तोंडपाठ लिहिले. खाली एक रकाना होता, फोटोग्राफर स्वतः सही का करू शकत नाही, त्याचं कारण. तिथे पेन थांबलं. मी मदत म्हणून, आपण मराठी माणसं सर्रास म्हणतो तो शब्द सुचवला.

"लिहा ना काका, एक्स्पायर्ड."

त्यांनी चष्मा काढला. "एक्स्पायर्ड म्हणजे काय? परीक्षेला होतं तुझ्या."

आमच्या वहीत प्रत्येक घरापुढे त्याची स्थिती लिहिलेली असते. मला उत्तर येत होतं. "मुदत संपली आणि गिऱ्हाईक मिळालं नाही ते घर," मी हळूच म्हटलं.

"म्हणजे कोणालाच नको होतं. हिच्यापुढे ते लिहू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांनी चष्मा परत लावला आणि त्या रकान्यात सावकाश, एकेक अक्षर घोटल्यासारखं लिहिलं, 'टेम्पररिली ऑफ मार्केट'. घर आहे तिथेच आहे, मोडलेलं नाही, विकलेलं नाही, तूर्त फक्त दाखवता येत नाही, तेव्हा आम्ही असं लिहितो.

मी फॉर्म घ्यायला हात पुढे केला.

"चुकीची नोंद आहे," ते म्हणाले. "कळतं मला. कर तक्रार."

मी फॉर्म घडी करून पर्समध्ये ठेवला आणि कॉम्प्युटरसमोर बसले. काका दुसरी खुर्ची ओढून शेजारी आले. पहिल्या घराचे फोटो उतरले, पडद्यावर अजून काकू होत्या, मी पुढच्या पत्त्यावर बोट ठेवलं. त्यांनी माझा हात धरला. "थांब," म्हणाले, "एवढ्यात पुढचं घर उघडू नकोस."