नुसती मान हलवायची

नुसती मान तर हलवायची आहे, त्यात चुकायचं काय, असं मी मेयरबाईंना ठणकावून सांगितलं. आमच्या उत्तर फ्रान्समधल्या पिकार्डीच्या गायी दिवसभर तेच करतात.

"फिर्मां, नक्की जमेल ना?" बाईंनी विचारलं. "नाहीतर पलीकडच्या गावचा तेओफील त्याचा भोंगा घेऊन यायला तयार आहे. बटण दाबलं की तुतारी सुरू. यंदा चुकलं, तर पुढच्या वर्षीपासून कायमचाच त्याला सांगते."

तो भोंगा माझ्या बायकोला, ओडिलला, अजिबात खपत नसे. शहिदांना ताजं वाजवलेलं ऐकवा, डबाबंद नको, असं ती म्हणायची. अकरा नोव्हेंबरला, पहिलं महायुद्ध संपल्याच्या दिवशी, युद्धस्मारकावरची नावं वाचून झाली की गावातला कासिमीर तुतारी वाजवतो आणि सगळे गप्प उभे राहतात. पुरेसा वेळ झाला की ओडिल मान हलवायची, कासिमीर पुन्हा तुतारी फुंकायचा, उतरता धरलेला झेंडा वर जायचा आणि गाव जेवायला जायचं. पुरेसा म्हणजे किती, हे तिला बरोबर कळायचं. या वसंतात ती गेली. तिचं काम भोंग्याकडे जाऊ द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं.

यंदा त्या दिवशी दूरच्या लियों शहराहून पाहुण्यांची बस आली होती. मंडळींनी आमचा पडका मठ बघितला आणि तिथेच गप्प झाली. युद्धात तोफांनी छप्पर नेलं, भिंती नेल्या, पण मधली कमान एकटी उभी आहे. आयुष्य तिच्यासमोर गेलं, तरी मी अजून वर बघतो. स्मारक तिच्यासमोरच आहे, आणि कासिमीर तिच्याखाली उभा राहूनच वाजवतो.

नावं झाली. तुतारी झाली. शांतता पसरली. थोडं थांबून मी मान हलवली. लांबून दिसावी म्हणून एकदा नाही, चांगली चार-पाचदा.

कासिमीरने डोक्यावरची टोपी काढली.

मी आणखी जोरात हलवली. त्याने तुतारी छातीशी धरून डोळे मिटले. आता माझी मान धान्य टिपणाऱ्या कोंबडीसारखी चालली होती. लियोंकरांना वाटलं, ही इथली रीत असावी. अख्खी बस माना हलवू लागली.

"बाई," मी ओठ न हलवता पुटपुटलो, "हा वाजवत का नाही?"

मेयरबाईंनी माझा हात घट्ट धरला. "रडा, फिर्मां. कुणालाही घाई नाही."

"मी रडत नाहीये."

"असंच म्हणतात सगळे," त्या म्हणाल्या. त्यांचेच डोळे वाहत होते.

ओरडून सांगावं, तर त्या स्मारकापुढे आजवर कुणी आवाज चढवलेला नाही. माझ्या शेजारी म्हातारा लेओनार झेंडा उतरता धरून थरथरत होता.

"फिर्मां, आटप रे," तो कुजबुजला. "तुझ्या दुःखात मी आहे, पण माझे हात नाहीत."

मान दुखली म्हणून मी थांबलो. कमानीवर कावळे बसले होते, त्यांची नखं दगडावर घासलेली ऐकू येत होती. पोरंटोरं, कुत्री, पाहुणे, कुणी हललं नाही. असं उभं राहणारं गाव मी दुसरं पाहिलेलं नाही.

शेवटी लेओनारच्या हातांनी दगा दिला. काठीचं मागचं टोक खाली घसरलं, काठी त्याच्या खांद्यावर आदळली आणि झेंडा ताठ वर गेला. झेंडा वर गेलेला पाहताच कासिमीरने तुतारी फुंकली. इतकी स्वच्छ त्याने कधी वाजवली नव्हती.

जेवणाआधी मी त्याला गाठलं. "आंधळा झालास काय? केव्हाची मान हलवतोय मी."

"ती खूण होती?" तो चकित झाला. "मला वाटलं, हुंदके देतोयस. ओडिल एकदाच हलवायची. आणि काय रे, रडणाऱ्या माणसापुढे तुतारी फुंकणारा मी वाटलो का तुला?"

तेवढ्यात मेयरबाई आल्या.

"लियोंची मंडळी म्हणतात, इतकी स्मारकं बघितली, अशी शांतता कुठेच नाही. पुढच्या वर्षी दोन बस आणणार. तेओफीलला मी नाही म्हणून कळवलंय. काम तुमचंच."

मी छाती फुगवून ओडिलची आठवण काढणार होतो. बाईंनी मला जरा बाजूला घेतलं.

"फक्त एक आहे, फिर्मां. येणारी मंडळी वयस्कर आहेत, फार वेळ उभं राहवत नाही. तेवढं रडणं थोडं आवरतं घ्या."

प्रयत्न करतो, म्हणालो.