सगळं लेखी, झाकण तोंडी

तमाम रत्नागिरीकरांस, तसेच आंब्याच्या आशेने इथला मुक्काम लांबवलेल्या पाहुण्यांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या खाडीकाठच्या संशोधन केंद्राचे प्रयोगशाळा सहायक श्री. गजानन साळवी यांनी उंदराचा कायमचा त्याग केला आहे. साक्षात गजाननानेच वाहन सोडलं म्हणून भाविकांनी घाबरून जाऊ नये. उंदीर संगणकाचा आहे, ज्याला आपण माऊस म्हणतो तो. साळवींनी तो स्वतःच्या हाताने उपटला, त्याच्या शेपटीचं वेटोळं केलं, खणात ठेवला आणि खणाला कुलूप लावलं.

मी त्याच केंद्रात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे पुस्तकं कमी आणि वाळवी जास्त, त्यामुळे माणसं वाचायला मला भरपूर वेळ मिळतो. त्या वाचनात साळवींइतका जाड ग्रंथ दुसरा नाही.

"माऊस म्हणजे बोट दाखवणं हो, बाई," साळवी म्हणतात. "बोट दाखवून वडापाव मागतात. काम मागायचं तर लेखी द्यायचं."

लेखी द्यायचं म्हणजे काय, तर संगणकावर एक काळी चौकट उघडायची, शाळेच्या पाटीसारखी, आणि तिच्यात हुकमाची एक लांबलचक ओळ टाईप करायची. सूक्ष्मदर्शकातून काढलेली अमुक फोल्डरातली चित्रं घे, ओळीने लाव, सेकंदाला चोवीस दाखव, वर कोपऱ्यात वेळ लिही, खाली मापाची पट्टी काढ, बाण इथे दाखव, आणि याची फिल्म करून दे. सगळा अर्ज एका ओळीत. मग पोस्टातला कारकून शिक्का मारतो तशी एंटरची कळ मारायची आणि हाताची घडी घालून बसायचं.

"आणि ओळ राहते," ते सांगतात. "वरच्या बाणाची कळ दाबलीत की कालची ओळ आज परत समोर. माऊसने काल काय केलंत ते सांगता येईल? नाही. सगळं तोंडी."

जगाचे त्यांनी असे दोन भाग केले आहेत. भरती-ओहोटीचं कोष्टक लेखी, हवामानाचा अंदाज तोंडी. बाजारातल्या सुरमईचं वजन लेखी, तिचा ताजेपणा तोंडी. त्यांची पत्नी खेडला शाळेत शिक्षिका आहे, शनिवारी संध्याकाळी येते आणि सोमवारी पहाटे जाते. "लग्न लेखी आहे आमचं," साळवी एकदा म्हणाले. "संसार मात्र फोनवर. तोंडीच."

एकदा आमच्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञांचा निरोप समारंभ झाला. त्याच्या फोटोंची फिल्म साळवींकडे सोपवण्याची चूक माझी. कौतुकाने सगळे जमले, पडदा लावला, दिवे घालवले. साहेब दारातून आले, अकरा सेकंदांत शाल घेतली, नारळ घेतला, भाषण केलं, डोळे पुसले आणि निवृत्त झाले. सेकंदाला चोवीस चित्रं म्हणजे चोवीस, त्यात साळवी गय करत नाहीत. शिवाय प्रत्येक चित्रात साहेबांच्या पोटाखाली पांढरी पट्टी होती आणि पट्टीवर लिहिलं होतं, १० सेंमी.

"मापाची पट्टी कशाला हो निरोप समारंभाला?" मी विचारलं.

"नाहीतर कळणार कसं केवढे होते ते?"

साहेबांच्या पत्नी मात्र पुढे आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "पट्टी बरोबर आहे. मी कधीची सांगत होते यांना."

असे हे आमचे साळवी. आता खरी गोष्ट सांगते.

केंद्रात मागच्या बाजूला टाक्यांची शेड आहे. तिथे चिंबोऱ्यांची बारकी वाढवायचा प्रयोग चालला होता. चिंबोरी म्हणजे खाडीतला मोठा खेकडा. त्याचं नुकतं जन्मलेलं पिल्लू, म्हणजे बारकं, स्वल्पविरामाएवढं असतं, नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाही. टाकीत हजारो होती. त्यातली सहा साळवींनी काचेच्या सहा वाट्यांत वेगळी ठेवली होती. सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा दर दहा मिनिटांनी त्यांचं एकेक चित्र काढायचा. गुरुवारी दुपारी चार वाजता साळवींनी टाकीचं आणि वाट्यांचं पाणी बदललं. शनिवारी दुपारपर्यंत टाकीतली सगळी बारकी तळाला बसली होती. वाट्यांतलीही.

विभागप्रमुख केळकर मॅडम शेडमध्ये गेल्या तेव्हा त्यांना पाण्याच्या बादल्यांजवळ ब्लीचिंगच्या द्रावणाची बाटली सापडली. उघडी. झाकण बाजूला.

"साळवी, झाकण लावलं होतं ना तुम्ही?"

"लावलं होतं," साळवी म्हणाले. आणि थोडं थांबून, "बहुतेक."

आमच्या केंद्राच्या इतिहासात साळवींच्या तोंडून 'बहुतेक' हा शब्द कोणी ऐकला नव्हता. ज्या माणसाकडे तीन वर्षांपूर्वीच्या मंगळवारी टाकीचं तापमान किती होतं तेही लेखी आहे, त्याच्याकडे एका झाकणाची नोंद नव्हती. आणि पाण्यात ब्लीचिंगचे चार थेंब गेले असतील तर हजारो जीव त्यांच्या हातून गेले होते. पुढच्या सोमवारी समिती येणार होती. चूक साळवींची ठरली तर शेड त्यांच्याकडून काढून घेणार, त्यांना आवक-जावक टेबलावर बसवणार. पण मला वाटतं, त्यांची झोप उडाली ती टेबलामुळे नाही. त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं, आपण मारलं की नाही.

खरं तर उत्तर त्यांच्याकडेच होतं. सातशेच्या वर चित्रं काढून ठेवलेली होती, प्रत्येकावर वेळ. गुरुवारी चारनंतर बारकी लगेच थांबली असतील, तर ब्लीचिंग. नसतील, तर दुसरं काहीतरी. फिल्म करायची, बघायची, संपलं. आणि हा माणूस चार दिवस त्या फोल्डरला हात लावत नव्हता. सकाळी येऊन काळी चौकट उघडायचे, तिच्याकडे बघत बसायचे, बंद करायचे. मध्येच उठून शेडमधल्या रिकाम्या बाटल्यांची झाकणं घट्ट करून यायचे.

बुधवारी दुपारी ते लॅपटॉप घेऊन ग्रंथालयात आले. "बाई, तुमचं काम आहे जरा. शब्दांचं."

पाण्याचा तांब्या पुढे केला तर त्यांनी तांब्याचं झाकण आधी तपासलं.

पहिला हुकूम लिहिला, शिक्का मारला, फिल्म झाली. लावली, तर वाटीतलं बारकं वेड्यासारखं उड्या मारत होतं. सोमवार सकाळ, लगेच सोमवार दुपार, तिथून एकदम मंगळवार, परत सोमवार. साळवींनी घाईघाईने दोन कळा दाबून ती बंद केली, पुढचं काही दिसायच्या आत.

"एकनंतर दहा घेतलं त्याने, दहानंतर शंभर," ते पुटपुटले. "मी नुसते आकडे दिले. त्याच्या लेखी ती अक्षरं. पुढे शून्यं लावायला हवी होती. हे मला माहीत आहे हो. पोरांना शिकवतो मी हे."

शून्यं लागली. चित्रं रांगेत आली. मग सुरू झाला माझा भाग. समितीत खाडीकडचे एक चिंबोरीपालक होते, मुकादम भाई, म्हणून फिल्मवरची टिपणं मराठीत हवी होती. साळवींनी लिहिलं, 'दिवस पहिला'. नमुन्याची एका सेकंदाची फिल्म केली. पडद्यावर उमटलं, 'दविस पहलिा'.

"हे काय?"

"वेलांटी उशिरा येतेय," साळवी म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढायची असते, ते याला कोणी सांगितलंच नाही. जोडाक्षरंही मोडतोय. दुसरं साधन आहे, पण ते शिकायला आठवडा लागेल. सोमवारी समिती आहे, बाई."

आणि मग मराठी भाषेच्या सेवेत माझी जी काही वर्षं गेली त्यांचं सार्थक झालं. दुपारभर आम्ही दोघे शब्दकोश उघडून ऱ्हस्व वेलांटी नसलेली, जोडाक्षर नसलेली मराठी शोधत बसलो. 'दिवस' गेला, 'रोज' आला. 'मिनिटे' गेली, 'तास' राहिले. 'शुक्रवार' आणि 'शनिवार' अडले.

"शुकरवार, शनवार लिहा की," मी म्हटलं. "माझी आजी तेच म्हणायची."

"अशुद्ध आहे."

"तुमचं 'दविस' फार शुद्ध."

ते चार दिवसांत पहिल्यांदा हसले. 'पाणी बदलले' हे मात्र पहिल्याच फटक्यात स्वच्छ उमटलं, एकही काना-मात्रा न हलता. साळवी त्याच्याकडे बघत राहिले. "हे बरं नीट आलं," ते म्हणाले.

शेवटचा शब्द राहिला. 'मृत्यू' मोडत होता, त्यात जोडाक्षर. मी सुचवलं, "मेली. सरळ शब्द आहे."

त्यांनी टाईप केलं. खोडलं. मग लिहिलं, 'थांबली'.

"तेच ना?" मी म्हटलं.

"थांबली असं दिसतं चित्रात. बाकीचं तोंडी."

पूर्ण फिल्म त्यांनी माझ्यासमोर केली नाही. लॅपटॉप मिटला, शब्दकोश जागेवर ठेवला आणि गेले. गुरुवार, शुक्रवार मला दिसलेच नाहीत. सोमवारी सकाळी शेडच्या दारात भेटले. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, डोळे लाल.

"केलीत फिल्म?"

"केली."

"बघितलीत?"

"सतरा वेळा."

"मग? काय निघालं?"

"लेखी आहे आता," साळवी म्हणाले आणि वळून टाकीला फडकं मारायला लागले. रिकाम्या टाकीला. मला काही कळलं नाही. समिती अकराला बसायची होती, तोवर मी घड्याळच बघत होते. सुटले असते तर बोलले असते, असं मन म्हणायचं. अडकले असते तर इस्त्री केली नसती, असंही म्हणायचं.

सभागृहात दहा-बारा माणसं. समितीचे अध्यक्ष, केळकर मॅडम, मुकादम भाई आणि आम्ही कर्मचारी. साळवी हातात बांबूची काठी घेऊन पडद्याशेजारी उभे. त्यांनी प्रस्तावना केली नाही. ओळ लिहिली, कळ मारली.

पडद्यावर सहा चौकटी. या वेळी सेकंदाला चोवीस नाही, एकच चित्र. प्रत्येकीत एक एवढंसं पारदर्शक बारकं, डोळे मोठे, डोक्यावर काटा, शेपूट झटकत पोहणारं. वर रोज आणि तास. खाली पट्टी. सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारचे चार वाजले. 'पाणी बदलले.' मी श्वास धरला. शेजारी कोणीतरी खुर्ची सरकवली.

पाच वाजले. सहाही पोहत होती. रात्र गेली, शुक्रवार उजाडला, सहाही पोहत होती.

"थांबवा जरा," अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे पाण्यात काही नव्हतं."

साळवींनी थांबवलं नाही. शनवारच्या पहाटे पहिल्या चौकटीतलं बारकं आखडलं, पाठीवर फट पडली आणि ते जुन्या सालीतून बाहेर यायला लागलं. अर्धं आलं. तिथेच अडकलं. 'थांबली.' मग तिसऱ्या चौकटीत तेच. मग दुसऱ्या.

"आमच्याकडंय असाच होतो," मुकादम भाई पुढे झुकून म्हणाले. "साल सुटत नाय. आंग भायेर नि पाय आत. खाद्यात कायतरी कमी पडतंय त्यांना, साहेब. बाटलीचा काय संबंध नाय."

"बरोबर आहे," केळकर मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. "वाढीच्या या टप्प्यावर असं होतं. खाद्य बदलून बघायला हवं. साळवी, माझी चूक झाली. शेड तुमच्याकडेच राहील. बसा आता."

मी खुर्चीला टेकले. आठवड्याने पहिल्यांदा सगळा श्वास सोडला. अध्यक्ष कागदावर काही लिहायला लागले, कोणीतरी चहाचं विचारलं, पंख्याचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला. साळवी बसले नव्हते. मॅडम काय म्हणाल्या तेही त्यांनी ऐकलं होतं असं वाटत नाही.

पडद्यावर पाच चौकटी थांबल्या होत्या. सहावीतलं बारकं अजून ओढत होतं. थोडं ओढायचं, थांबायचं, परत ओढायचं. एक पाय तेवढा आत राहिला होता. काठी खाली टेकवून साळवी पडद्याच्या इतक्या जवळ गेले की त्या बारक्याची सावली त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर हलायला लागली. ती फिल्म त्यांनी सतरा वेळा बघितली होती. शेवटी काय लिहिलंय ते त्यांनी स्वतः टाईप केलं होतं. आणि भर सभेत, अध्यक्षांच्या देखत, ते बोलून गेले,

"ओढ गो बाय. थोडाच रव्हला, ओढ."