चिठ्ठी दिसली की उचला

मुकादमांनी घराच्या दारावर इंग्रजीत ‘डोअर’ लिहिलेली पिवळी चिठ्ठी चिकटवली, तेव्हा सासूबाई खुर्चीतूनच म्हणाल्या, “दार आहे हे आम्हाला दिसतं हो, जावईबापू.”

“शिकायचं आहे म्हणून लावतोय.”

“काय, दार उघडायला?”

मुकादमांनी गुपचूप खिडकीवर ‘विंडो’ लावली, कपाटावर ‘कपबोर्ड’ लावली आणि पुढच्या वस्तूकडे वळले. खरं म्हणजे त्यांना आधीच पुरेशी लाज वाटत होती. पन्नाशी उलटलेला माणूस, मिशा पांढऱ्या झालेल्या, आणि संध्याकाळी घरभर चिठ्ठ्या लावत फिरतोय! पण करता काय? थाप मारताना जीभ जड झाली नव्हती, आता निस्तरायला तर हवी होती.

झालं होतं असं. मुकादम एका घरसामान हलवणाऱ्या कंपनीत कामाला होते. लोकांची घरं एका जागेहून उचलायची आणि दुसऱ्या जागी नेऊन मांडायची. उभा जन्म कपाटं आणि फ्रीज पाठीवर घेऊन जिने चढण्यात गेला, आणि आता गुडघ्यांनी साफ नकार दिला होता. दोन मजले चढले की डोळ्यांत पाणी यायचं. कंपनीच्या मालकीणबाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी एक दिवस बोलावून विचारलं, “मुकादम, पुढच्या खोलीत बसाल का? गिऱ्हाइकांशी बोलायचं, फोन घ्यायचे. जिना नाही, ओझं नाही. फक्त इंग्रजी पाहिजे. येतं ना?”

“येतं की!” मुकादम म्हणाले.

हे दोन शब्द तोंडातून कसे निसटले हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. त्यांना एबीसीडी येत होती, दुकानांच्या पाट्या अडखळत वाचता येत होत्या, आणि ‘थँक्यू’ म्हणता येत होतं. बाई म्हणाल्या, “छान. मग बघते मी एकदा तुमची परीक्षा.” जागा हुकली तर पुढं काय, हे मुकादमांना ठाऊक होतं. कपाट उचलू न शकणाऱ्या मुकादमाला गोदामात कोण ठेवणार?

शेवटी त्यांनी कॉलेजात जाणाऱ्या मुलीपुढं मान खाली घालून सगळं कबूल केलं. ती आधी पोट धरून हसली, मग शहाण्यासारखी वागली. “बाबा, पुस्तक घेऊन बसलात तर झोप लागेल तुम्हाला. घरातल्या प्रत्येक वस्तूवर तिचं नाव लावा. येता-जाता वाचायचं, हात लावायचा आणि मोठ्यानं म्हणायचं.”

चिठ्ठ्यांना तोटा नव्हता. कंपनीच्या त्या चिकटणाऱ्या पिवळ्या चिठ्ठ्या मुकादमांच्या खिशात कायम असायच्या. त्यांनी सपाटाच लावला. उशी, पाट, पंखा, आरसा, बादली. काही सुटलं नाही. आणि नवल म्हणजे शब्द खरंच डोक्यात राहू लागले. बायको भांडी घासताना मागून आवाज यायचा, “बकेट! टॅप! सोप!” ती बिचारी दचकून म्हणायची, “अहो, निदान खाकरून तरी या.”

वस्तू संपल्यावर मुलगी म्हणाली, “पहिली इयत्ता झाली. आता मधली पायरी. नुसती नावं घेऊन बोलता येत नाही, बाबा. माणूस कसा आहे, काय वाटतं, हे सांगता आलं पाहिजे. आता स्वभावाचे शब्द.”

“ते कुठं लावू? स्वभावाला?”

“ज्याचा जो स्वभाव, त्याच्यावर लावा. विसरणारच नाही.”

मग मुकादमांना जरा चेवच चढला. सासूबाई दुपारी पडल्या असताना त्यांनी त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर ‘ऑब्स्टिनेट’ लावलं. म्हणजे हट्टी. कंपनीच्या स्नेहसंमेलनाचा एक फ्रेम केलेला फोटो भिंतीवर होता. त्यात मधोमध बसलेल्या मालकीणबाईंच्या डोक्यावर त्यांनी ‘स्टिंजी’ लावलं. आरशावर मात्र मुलीनं स्वतः एक चिठ्ठी लावली, ‘ऑनेस्ट’. “रोज दाढी करताना वाचा,” ती म्हणाली. मुकादमांनी अर्थ विचारला आणि त्या दिवशी दाढी न करताच कामावर गेले.

आता या चिठ्ठ्यांचं कंपनीत काय काम होतं, ते सांगायला हवं. कंपनीत एकच कायदा होता आणि तो मुकादमांनीच केला होता. गिऱ्हाइकाच्या घरातल्या न्यायच्या वस्तूंवर आदल्या दिवशी पिवळी चिठ्ठी लागायची. नव्या कामगाराला मुकादम पहिला धडा हाच द्यायचे, “चिठ्ठी दिसली की उचला. चिठ्ठी नाही, हात नाही. आणि गिऱ्हाइकाला प्रश्न विचारून त्याचं डोकं खायचं नाही!” यात कुणी कसूर केली की मुकादमांच्या शिव्यांनी गोदाम दणाणायचं.

त्याच सुमारास मुकादमांच्या समोरच्या घरातल्या काकू मुलीकडं राहायला निघाल्या. सामान तूर्तास गोदामात ठेवायचं होतं. काम मुकादमांच्याच कंपनीला मिळालं. काकूंचं एक मोठं कपाट जागा नाही म्हणून बरेच दिवस मुकादमांच्या घरात होतं. त्यावर मुकादमांनी काकूंच्या नावाची चिठ्ठी लावली, ड्रायव्हरला पत्ता दिला आणि सांगितलं, “समोरच्या घरातलंही घ्यायचं आहे. विसरू नका.” पण ‘समोरचं घर म्हणजे माझं घर’ हे काही त्यांनी सांगितलं नाही. आपण कुठं राहतो ते त्यांनी कामावर कधीच कळू दिलं नव्हतं. दुसऱ्यांची शिसवी कपाटं हलवणाऱ्या माणसाच्या घरात दोरीनं बांधलेली खुर्ची आहे, हे कामावरच्या पोरांनी बघावं याची त्यांना लाज वाटायची.

सामान हलवायच्या दिवशी सकाळीच बाईंचा निरोप आला, “आज परीक्षा. गोदामात या.” मुकादमांच्या डोक्यातून काकू, कपाट, सगळं उडालं. ते रस्ताभर ओठ हलवत गेले. घरी सासूबाई एकट्याच होत्या.

गोदामात बाई चष्मा लावून टेबलाशी बसल्या होत्या. आलेलं सामान त्या जातीनं बघून घ्यायच्या. इतक्यात ट्रक आला. बाई म्हणाल्या, “हे आधी उरकू.” काकूंच्या वस्तू भराभर उतरल्या. त्यानंतर एक बादली आली. बाईंनी तिच्यावरची चिठ्ठी जवळ धरली, लांब धरली, आणि मुकादमांच्या पुढं केली.

“इंग्रजीत आहे. गिऱ्हाईक शिकलेलं दिसतंय. वाचा बघू मुकादम, हीच तुमची परीक्षा समजा.”

मुकादमांनी बादलीकडं पाहिलं. बादलीला तळाशी चीर होती आणि ती चीर त्यांनी स्वतः डांबरानं बुजवली होती.

“ब... बकेट,” ते म्हणाले.

“वा! आणि ही?”

“पिलो.” उशीचा कोपरा बायकोनं लुगड्याच्या तुकड्यानं शिवला होता.

“ही?”

“मॅट्रेस.” गादी उतरवताना एका पोरानं नाक धरलं. “काय लोक असतात! असली गादी न्यायला पैसे खर्च करतात,” तो म्हणाला आणि सगळे खो खो हसले. मुकादमही हसले. हसताना त्यांचे कान तापून लाल झाले होते.

तोंडचं पाणी पळालं होतं, पण शब्द मात्र एकही अडत नव्हता. फॅन, लॅडर, कपबोर्ड, क्लॉक! सगळं घर ट्रकातून एकेक करून उतरत होतं आणि मुकादम वर्गातल्या पहिल्या नंबराच्या पोरासारखे खडाखडा उत्तरं देत होते. आपलं आहे म्हणावं, तर थाप उघडी पडणार आणि जागा जाणार. गप्प राहावं, तर सगळा संसार काकूंच्या नावानं कुलपात जाणार. त्यांनी ठरवलं, आत्ता परीक्षा देऊ, संध्याकाळी गुपचूप एकेक वस्तू परत नेऊ. तेवढ्यात दोन पोरं मोठ्या कष्टानं एक दार घेऊन उतरली.

“अरे, दार?” मुकादमांच्या तोंडून किंचाळीच निघाली.

“चिठ्ठी होती ना,” ड्रायव्हर छाती काढून म्हणाला. “बिजागऱ्या खोलायला वेळ लागला. खिडकी काही निघेना, ती राहिली. रागावू नका मुकादम.”

“डोअर,” मुकादम क्षीण आवाजात म्हणाले.

“अगदी बरोबर,” बाई म्हणाल्या. “आता हा आरसा.”

आरशात मुकादमांना घामाघूम झालेला एक माणूस दिसला आणि त्याच्या कपाळावर चिठ्ठी होती. त्यांनी रुमाल काढून तोंड पुसलं.

“अडलं का?”

“ऑनेस्ट.”

“म्हणजे?”

“प्रामाणिक,” मुकादम म्हणाले आणि त्यांनी आरसा भिंतीकडं तोंड करून ठेवला.

“जमलं!” बाईंनी टेबलावर थाप मारली. “मुकादम, जागा तुम्हालाच—”

नेमकं त्याच वेळी ट्रकच्या पुढच्या दारातून आवाज आला, “अरे, मला कुणी उतरवणार आहे की नाही?”

दोन पोरांनी आधी दोरी बांधलेली एक खुर्ची खाली ठेवली, मग सासूबाईंना हात धरून उतरवून तिच्यावर बसवलं. त्यांच्या मांडीवर एक फ्रेम होती. त्यांनी गोदामभर नजर फिरवली आणि नाक मुरडलं.

“जावईबापू, हेच का नवं घर? जागा ऐसपैस आहे, पण स्वयंपाकघर कुठंय?”

ड्रायव्हरनं एकदा आजींकडं पाहिलं, एकदा मुकादमांकडं, आणि हळूच टोपी काढली. मघाशी गादीला नाक धरणारा पोरगा खोक्यांच्या मागं गेला.

“मी विचारलं या पोरांना,” सासूबाई सांगत होत्या, “सगळं न्यायचं का? तर म्हणाली, मुकादमांनीच सांगितलंय, आजी. मग मी कशाला अडवते? कधीपासून म्हणतेय, बदला ते खुराडं! दार तेवढं मीच आठवणीनं काढायला लावलं.”

बाई उठून उभ्या राहिल्या. “मुकादम, हे सामान कुणाचं?”

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं मुकादमांना झालं. पण समोर सासूबाई बसल्या होत्या आणि चारी बाजूंनी गादी, उशा, भांडी त्यांच्याकडं बघत होती. आता लपवायला काही उरलंच नव्हतं.

“माझं आहे, बाई,” ते म्हणाले. “मला इंग्रजी येत नाही. खोटं बोललो. या चिठ्ठ्या लावून शिकत होतो. हे एवढेच शब्द येतात, ते तुम्ही आत्ता ऐकले. गुडघे गेलेत हो माझे, म्हणून बोलून बसलो.” ज्या पोरांवर ते रोज ओरडायचे ती पोरं खाली बघत उभी होती. कुणी हसलं असतं तरी त्यांना बरं वाटलं असतं.

सासूबाईंनी मांडीवरची फ्रेम बाईंच्या हातात दिली. “हा फोटो मी कुणाच्या हाती दिला नाही. तुम्हीच आहात ना यात, मधोमध?”

बाईंनी फोटो पाहिला. आपल्या डोक्यावरची चिठ्ठी पाहिली. मग फोटो काखेत मारून म्हणाल्या, “मुकादम, आत या.”

गोदामातल्या ऑफिसात गेल्यावर बाईंनी दार लावलं, खिडकीही लावली. मुकादम दोन्ही हात जोडून उभे राहिले. “बाई, उद्यापासून येत नाही मी. फक्त आजच्या दिवस ट्रक द्या, घराला दार नाहीये.”

“आधी बसा. गुडघे दुखतात ना?” बाई स्वतःही बसल्या, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “मुकादम, मलाही येत नाही.”

“काय?”

“इंग्रजी. एक अक्षर वाचता येत नाही. आमचे हे होते तोवर तेच बघायचे. आता इंग्रजी बोलणारं गिऱ्हाईक आलं की मी फोन कानाला लावून बाहेर जाते. म्हणून तर माणूस हवा होता. मघाशी तुम्ही काय वाचत होतात, ते बरोबर की चूक, हे मला कुठं कळत होतं?” बाईंचा चेहरा लालबुंद झाला होता. “बाहेर बोललात तर याद राखा.”

आता दोघांनाही एकाच वेळी लाज वाटत होती.

मग बाईंनी फोटो पुढं ठेवला. “माझ्यावर काय लिहिलंय?”

“स्टिंजी.”

“म्हणजे?”

‘हिशेबी’ हा शब्द मुकादमांच्या ओठांवर आला होता. ‘काटकसरी’ही आला. पण आज खोटं बोलायची ताकदच संपली होती.

“कंजूष,” ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

बाईंनी तो शब्द तोंडातल्या तोंडात दोनदा घोळवला. “सोमवारपासून पुढच्या खोलीत बसा. ऑफिस उघडायच्या आधी रोज मला शिकवायचं, दार लावून. जेवढं तुम्हाला येईल तेवढं मला.”

मुकादमांचे डोळे भरून आले. “बाई, तुमचे उपकार—”

“पगार मात्र आहे तोच.”

“अहो पण बाई, पुढच्या खोलीतल्या माणसाला तर—”

“आणि आजचा ट्रकचा फेरा तुमच्या पगारातून कापेन. जाण्याचाही आणि येण्याचाही.”

मुकादमांनी काही बोलायला तोंड उघडलं. बाईंनी बोट वर करून त्यांना थांबवलं, खुर्चीत ताठ बसल्या, घसा साफ केला आणि जन्मात पहिल्यांदा न घाबरता इंग्रजीत म्हणाल्या, “आय अ‍ॅम स्टिंजी.”

मग हळूच पुढं वाकून त्यांनी विचारलं, “बरोबर आलं का?”

“अगदी बरोबर, बाई,” मुकादम मान खाली घालून म्हणाले.